'मामांना बदल नको' : पायजम्याच्या कारखान्यातला एक जुना पेपर

आमच्या विभागात गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं एक यंत्र आहे. ते वापरायचं तर आधी नंबर लावावा लागतो. पूर्वी त्यासाठी एक लांबट, कापडी पाठीचं रजिस्टर होतं: तारीख, वेळ, नाव, गाइडचं नाव, सॅम्पल, सही. ते सांभाळायचे प्रयोगशाळेतले मामा. मग एका जूनमध्ये ऑनलाइन बुकिंग आलं. मोबाइलवरून स्लॉट घ्या, रात्री वॉचमनकडून किल्ली घ्या, काम करा. आम्ही सगळे खूश. मामा सोडून. त्यांनी रजिस्टर टेबलावरून हलवलंच नाही. ऑनलाइन बुकिंग केलेल्या मुलालाही ते आधी रजिस्टरमध्ये सही करायला लावायचे. दोन-तीन वेळा यावरून वाजलं, आम्ही विभागप्रमुखांकडे तक्रार केली, आणि त्या तक्रारीतलं एक वाक्य माझं होतं: "मामांना बदलच नकोय." रजिस्टर कपाटात गेलं.

सप्टेंबरमध्ये एका रात्री कुणाचं तरी सॅम्पल चालू असताना सिलिंडरमधला गॅस संपला. भट्टी तापलेली आणि आत वाहता गॅस नाही, म्हणजे कॉलम गेला. नवा कॉलम बसवल्यावर माझं तीन आठवड्यांचं कॅलिब्रेशन पुन्हा पहिल्यापासून. नंतर कपाटातून ते जुनं रजिस्टर काढून बघितलं, तेव्हा दिसलं की प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने आकडे होते. रोज सकाळी सिलिंडरवरचा दाब. मामा सही घेण्याच्या निमित्ताने रोज ते पान उघडायचे आणि आकडा लिहायचे, आणि आकडा उतरला की नव्या सिलिंडरचं मागणीपत्र द्यायचे. ऑनलाइन फॉर्ममध्ये समास नव्हता.

हा प्रसंग डोक्यात होता, म्हणून कोर्सवर्कमध्ये 'संशोधन पद्धती'च्या सरांनी प्रत्येकाला आपल्या विषयाबाहेरचा एक पेपर वाचून मांडायला सांगितला तेव्हा मी कामाच्या ठिकाणच्या बदलाला होणाऱ्या विरोधावरचा सगळ्यात जुना, सगळ्यात जास्त उल्लेख होणारा पेपर उचलला. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच, १९४८, 'ह्युमन रिलेशन्स' हे जर्नल. पेट किंवा नेटची तयारी करताना पुस्तकात याच्याबद्दल एक ओळ वाचली असेल: 'सहभागामुळे विरोध कमी होतो.' ती ओळ चूक नाही, पण पेपर त्यापेक्षा बराच मजेशीर आहे, आणि त्या ओळीइतका निःशंकही नाही.

जागा अमेरिकेतली, व्हर्जिनिया राज्यातलं मॅरियन नावाचं डोंगराळ भागातलं गाव. कारखाना पायजमे शिवणारा, नाव हारवूड. सुमारे ५०० बाया आणि १०० पुरुष कामाला. सरासरी वय २३, बहुतेक जणी आसपासच्या खेड्यांतून आलेल्या, शिक्षण साधारण आठवीपर्यंत. कारखान्याचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो स्वतः मानसशास्त्र शिकलेले होते आणि कुर्ट लेविन यांच्याशी त्यांचं १९३९पासून येणंजाणं होतं. लेविन म्हणजे समूहांच्या मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतले एक. हा पेपर छापून येण्याच्या आदल्या वर्षी ते वारले, पण पेपरभर त्यांची भाषा आहे.

मजुरी नगावर. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागायला हवीत हे घड्याळ लावून ठरवलेलं, आणि एका मिनिटाच्या कामाला एक युनिट. म्हणजे तासाला ६० युनिट हा प्रमाण वेग. आता फॅशन बदलते, कापड बदलतं, स्पर्धा वाढते, त्यामुळे बायांना एका कामावरून दुसऱ्या कामावर हलवावं लागायचं. आणि हलवलं की सगळं बिनसायचं. आधीच्या नोंदी बघितल्या तर अशा बदली झालेल्या कामगारांपैकी फक्त ३८ टक्के पुन्हा ६० युनिटला पोचायच्या. उरलेल्या ६२ टक्के एकतर कायमच्या मागे पडायच्या किंवा शिकता शिकताच नोकरी सोडायच्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पेपरचा सगळा जीव तिच्यात आहे. 'हाताला जुनी सवय असते, ती मोडायला वेळ लागतो' असं उत्तर आपण पटकन देऊ. कॉक आणि फ्रेंच यांनी ते तपासलं. त्यांना दिसलं की आधी शिवणकामाचा अनुभव असलेल्या बाईला नवं काम शिकायला कोऱ्या पाटीच्या नवशिक्या मुलीपेक्षा जास्त वेळ लागतोय. जुनी सवय आड येते म्हणावं, तर चुकीच्या जुन्या हालचाली तिच्या हातून फारशा होत नव्हत्या. पैसे जातात म्हणावं, तर बदली झालेल्या बाईला कंपनी भत्ता द्यायची, सरासरी वेगाने शिकली तर तिचं नुकसान होऊ नये असा हिशोब करून. तरीही बदली म्हटलं की कपाळाला आठी. म्हणजे कौशल्यही नाही, निव्वळ पैसाही नाही. मग अडतंय कुठे? त्यांचं म्हणणं, अडतंय इच्छेत, आणि ती इच्छा एकेकट्या बाईच्या डोक्यात नसून गटात आहे. तेच त्यांचं गृहीतक. प्रश्न कसा घासून घासून टोकदार करायचा याचा हा नमुना आहे. आधी दोन सोपी उत्तरं डेटाने बाद करायची, मग आपलं गृहीतक मांडायचं. सिनॉप्सिस लिहिताना आपण नेमकी ही पायरी गाळतो.

प्रयोग असा. चार गट, मिळून ४६ बाया. पहिला नियंत्रित गट, १८ इस्त्री करणाऱ्या. पूर्वी त्या इस्त्री केलेले कपडे सहा-सहाच्या थप्पीने पुठ्ठ्यावर रचायच्या, आता तीच थप्पी खोक्यात रचायची. बदल एवढाच. त्यांना बदल कसा सांगितला? वाईट वागणूक देऊन अजिबात नाही. बैठक घेतली, स्पर्धेमुळे बदल करावा लागतोय हे सांगितलं, नवा दर कसा बसवला ते वेळ मोजणाऱ्या माणसाने समजावलं, प्रश्नांना उत्तरं दिली. आपल्याकडे ज्याला 'सर्वांना विश्वासात घेऊन' म्हणतात, जवळपास तेच. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण अनेक पुस्तकांत या गटाला 'हुकूम दिलेला गट' असं रंगवलेलं असतं. तसं नव्हतं.

दुसरा गट घड्या घालणाऱ्या १३ जणींचा. त्यांच्या बैठकीची सुरुवात वेगळी झाली. समोर दोन कपडे ठेवले, दोन्ही त्याच कारखान्यातले, दिसायला सारखे, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. स्वस्त कोणता, ओळखा. कोणालाच ओळखता आलं नाही. मग खर्च का कमी करायचा हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. कामातली नसती सजावट काढली तर चालेल यावर गटाचंच एकमत झालं. पुढचा आराखडा व्यवस्थापनाने मांडला, गटाने मान्य केला आणि आपल्यातून काही जणी निवडल्या. या निवडलेल्या बायांनी नवी पद्धत आधी शिकायची, त्यांच्यावर घड्याळ लावून दर ठरवायचा आणि मग त्यांनी बाकीच्यांना शिकवायचं. थोडक्यात प्रतिनिधींमार्फत सहभाग.

तिसरा आणि चौथा गट तपासनीस बायांचे, ८ आणि ७ जणी. इथे प्रतिनिधी नाहीत, सगळ्याच जणी नवं काम बसवण्यात आणि दर ठरवण्यात सामील. पेपरमध्ये एक बारीकसा तपशील आहे जो मला फार आवडतो: या बैठकांत सूचनांचा इतका पाऊस पडला की लिहून घेणाऱ्या स्टेनोग्राफरची तारांबळ उडाली.

निकाल. इस्त्रीवाल्या बदलानंतर सुधारल्याच नाहीत. लगेच भांडणं सुरू झाली, काम मुद्दाम रोखून धरणं, सुपरवायझरशी तंटा, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के जणी नोकरी सोडून गेल्या. नवा दर अन्यायाचा आहे अशी तक्रारही झाली. दर तपासला, तर तो उलट थोडा सैलच निघाला, म्हणजे बायांच्या फायद्याचा. प्रतिनिधी असलेला गट १४ दिवसांत तासाला ६१ युनिटवर आला, त्या ४० दिवसांत एकही नोकरी सोडून गेली नाही. या गटातल्या निवडलेल्या बाया बोलताना 'आमचं काम', 'आमचा दर' असं म्हणायला लागल्या होत्या. आणि संपूर्ण सहभागाचे दोन गट सगळ्यात लवकर सावरले आणि आधीच्या पातळीच्याही साधारण १४ टक्के वर गेले.

तो सैल दर पुन्हा वाचा. दर फायद्याचा होता आणि तरी तक्रार होती. खोटं बोलत होत्या का? मला नाही वाटत. तो दर बसवताना कोणावर घड्याळ लावलं, ती बाई पटपट काम करणारी होती की सावकाश, हे त्यांना माहीत नव्हतं. आकडा बरोबर होता, पण त्यांच्या दृष्टीने तो कुठून तरी पडला होता. घड्या घालणाऱ्यांचा आकडा कुठून आला हे प्रत्येकीला माहीत होतं, कारण ज्यांच्यावर घड्याळ लागलं त्या त्यांनीच निवडलेल्या होत्या.

अडीच महिन्यांनी दुसरा प्रयोग झाला. त्या इस्त्रीवाल्यांपैकी उरलेल्या १३ जणींना पुन्हा एकत्र आणून नव्या कामावर बदललं, पण यावेळी संपूर्ण सहभागाच्या पद्धतीने. त्याच बाया. यावेळी लवकर सावरल्या, आधीच्या वर गेल्या, आणि कुरबूर नाही. 'या बाया मुळातच आडमुठ्या' हे स्पष्टीकरण इथे गळून पडतं. निदान बरंचसं.

याच पेपरमध्ये एका बाईची गोष्ट आकड्यांत आहे. ती बदलून इस्त्रीच्या गटात आली. गट साधारण ५० युनिटवर थांबलेला, म्हणजे थांबवलेला. ही हळूहळू ५६ पर्यंत गेली आणि मग बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. टोमणे, अबोला, जे काय असेल ते. ती खाली आली, ४८ वर. वीस दिवसांनी गटातल्या इतर जणींना दुसरीकडे हलवलं आणि ही एकटी उरली. पुढच्या चार दिवसांत तिची सरासरी ८३. त्यानंतर ९० च्या वर. हात तेच, इस्त्री तीच, दर तोच. आकड्यांच्या या एका रांगेने 'व्यक्तीचा स्वभाव' या कल्पनेला जेवढा धक्का दिला तेवढा मला पानभर सिद्धांताने दिला नाही.

आता वाचक म्हणून खवचट व्हायची वेळ. १७ टक्के म्हणजे किती? १८ चे १७ टक्के म्हणजे ३ बाया. तीन. त्यातल्या एकीचं लग्न ठरलं असतं तर टक्केवारी ११ वर आली असती. छोट्या संख्येवरची टक्केवारी दिसली की मागचा आकडा काढायचा, ही सवय आत्ताच लावून घ्या. दुसरं, गटांची कामं वेगवेगळी होती. इस्त्री, घड्या आणि तपासणी यांच्या बदलांची तुलना कशी करायची? लेखकांनी गट शक्य तितके सारखे निवडले होते, पण चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती. तिसरं, गटांचा आकार: १८ जणींचा गट आणि ७ जणींचा गट एकसारखा कसा वागेल? चौथं, सहभाग म्हणजे नेमकं काय दिलं? बैठक, दोन कपड्यांचा तो खेळ, चांगलं प्रशिक्षण, दर ठरवण्यात वाटा, हे सगळं एकाच पुडीत. गुण कुठल्या औषधाचा आला ते कसं कळणार? बार्टलेम आणि लॉक यांनी १९८१ मध्ये त्याच जर्नलमध्ये या प्रयोगाची चिरफाड केली ती याच मुद्द्यांवर. त्यांचं म्हणणं असं की सहभागाचं श्रेय फार झालं; दर न्याय्य वाटणं आणि प्रशिक्षण यांनीही हेच निकाल समजावता येतात. आणि तो दुसरा प्रयोग? १८ मधल्या १३ उरल्या, म्हणजे पाच जणी तोवर गटात नव्हत्या. सर्वांत नाराज होत्या त्याच गेल्या असतील तर उरलेल्या सौम्य निघणारच. म्हणून वर 'बरंचसं' लिहिलं.

प्रयोग पुन्हा करून बघणं हा खरा उपाय, आणि तो फ्रेंच यांनीच केला. १९६० मध्ये नॉर्वेतल्या बुटांच्या कारखान्यातला त्यांचा अभ्यास छापून आला, सोबत योआकिम इस्राएल आणि डागफिन ओस. उत्पादनात फरक पडला नाही. समाधान वाढलं, पण मुख्यतः ज्या कामगारांना असा सहभाग आपल्या जागी रीतसर वाटत होता त्यांच्यात. लेखकांनी जी कारणं चर्चिली त्यात एक हे की ज्या बाबतीत सहभाग दिला तिचा उत्पादनाशी फारसा थेट संबंध नव्हता. म्हणजे कँटीनमधल्या चहाबद्दल मत विचारलं म्हणून मशीनवरचं काम वाढत नाही. आपल्या प्रयोगाला अर्धवट खोडणारा निकाल स्वतःच छापणं, हे मला त्या मूळ पेपरइतकंच मोठं वाटतं.

मानसशास्त्राच्या बाजूने यात पुढे बरीच भर पडली. काही तुम्हाला अभ्यासक्रमात भेटेल, म्हणून भराभर सांगते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की, १९७९: हातातलं जाण्याचं दुःख तेवढंच मिळण्याच्या सुखापेक्षा मोठं असतं. सॅम्युएलसन आणि झेकहाउझर, १९८८: माणूस आहे त्याच पर्यायाला चिकटतो, त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याच्या निवडी बघितल्या, तर नव्याने लागलेले लोक नव्या योजना घेत होते आणि जुने लोक जुन्याच योजनांत राहत होते. जॅक ब्रेम, १९६६: स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय असं वाटलं की तेच हवंसं वाटायला लागतं. शॉल ओरेग, २००३: बदलाकडे बघण्याचा कल माणसागणिक वेगळा असतो, आणि त्यांनी तो मोजायची १७ विधानांची प्रश्नावली दिली.

एका अभ्यासापाशी मात्र जरा थांबायला हवं. जेराल्ड ग्रीनबर्ग, १९९०. एका कंपनीची कंत्राटं गेली म्हणून दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगारात १५ टक्के कपात झाली. तिसऱ्या कारखान्यात कपात नाही. एका कारखान्यात प्रमुखाने दीड तास बैठक घेतली, आकडे मांडले, का आणि किती दिवस ते सांगितलं, खेद व्यक्त केला, प्रश्न घेतले. दुसऱ्यात पंधरा मिनिटांत उरकलं. ग्रीनबर्ग यांनी मोजली चोरी, म्हणजे कारखान्यातून गायब होणारा माल. दोन्हीकडे ती वाढली, पण पंधरा मिनिटांत उरकलेल्या कारखान्यात फारच जास्त. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही पूर्ववत. कपात दोन्हीकडे सारखी, खिशातला खड्डा सारखा. इस्त्रीवाल्यांचा सैल दर आणि हा अभ्यास शेजारी ठेवून वाचा. लोक निकालाबरोबर निकालाची वाटही मोजतात. याला प्रक्रियात्मक न्याय म्हणतात.

पण आता एक धोका. आपण विज्ञानवाले आणि मानसशास्त्रवाले मिळून सगळ्याच विरोधाला डोक्यातली गोष्ट करून टाकतो. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर संप झाला, सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. भांडणाच्या मुळाशी मालकांची नवी कार्यक्षमता योजना होती. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे आणि कताई खात्यात एका माणसाने दुप्पट साचे बघायचे. तीन विणकरांचं काम दोघांत होणार असेल तर तिसऱ्याचं काय, हा हिशोब करायला कुठलाही पूर्वग्रह लागत नाही. त्या कामगाराला ओरेग यांची प्रश्नावली दिली असती तर काय मोजलं गेलं असतं? त्याचा 'बदलाला विरोध करण्याचा कल'? तो तर कोकणातलं किंवा घाटावरचं गाव सोडून परळच्या चाळीत राहायला आलेला होता. त्याच्याएवढा बदल आपल्यापैकी किती जणांनी पचवलाय?

एरिक डेंट आणि सुसान गोल्डबर्ग यांनी १९९९ मध्ये साधारण हेच मांडलं: लोक बदलाला विरोध करत नाहीत, नुकसानीला करतात. पद जाईल, पैसा जाईल, सोय जाईल. शिवाय त्यांनी शब्दाचा इतिहासही काढला. लेविन यांच्या लेखी 'विरोध' ही संपूर्ण व्यवस्थेतली एक शक्ती होती, नदीतल्या पाण्याच्या ओढीसारखी. तिच्यात कामगार, मालक, दर, यंत्र सगळे आले. पुढच्या पुस्तकांत ती शक्ती हळूहळू फक्त कर्मचाऱ्याच्या अंगात जाऊन बसली, तापासारखी. मग उपायही त्यालाच: समजूत घाला, प्रशिक्षण द्या, बक्षीस द्या. फोर्ड, फोर्ड आणि डी'अमेलिओ यांनी २००८ मध्ये उलट बाजू दाखवली. बदल आणणाऱ्यांनी दिलेली वचनं मोडलेली असतात, संवाद तुटलेला असतो, आणि जे होतं त्याला ते 'विरोध' असं नाव देऊन मोकळे होतात. शिवाय विरोध ही माहिती असू शकते, हेही त्यांनी म्हटलंय.

आपल्या बाजूचं एक उदाहरण अहमदाबादचं आहे. कॅलिको मिलमध्ये १९५२ मध्ये स्वयंचलित माग आले. तंत्र तपासून बसवलेलं, माणसं शिकवलेली, तरी उत्पादन वाढेना आणि खराब कापड कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. त्यांनी बघितलं की २२४ मागांवर बारा प्रकारची कामं करणारी २९ माणसं आहेत, पण कुणाचा कुणाशी गट नाही. विणकर एवढ्या मागांचा, कांडी भरणारा तेवढ्या मागांचा, तुटलेले धागे सांधणारा आणखी वेगळ्या मागांचा. काम एकमेकांवर अवलंबून, माणसं सुटी. ठराविक मागांच्या संचाला एक छोटी टोळी अशी कल्पना राइस यांनी मांडली आणि ती मांडताच कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी ती उचलून टोळ्या स्वतःच पाडल्या. पुढे उत्पादन वाढलं, खराबी घटली. ज्यांना 'बदल झेपत नाही' असं वर्षभर म्हणता आलं असतं, त्यांनीच याहून मोठा बदल आपण होऊन केला.

हे सगळं मी लिहायला बसले त्याचं खरं कारण माझी रूममेट. ती व्यवस्थापन शास्त्रात पीएच.डी. करतेय. तिच्या सिनॉप्सिसचा विषय बँक कर्मचाऱ्यांचा तंत्रज्ञान-बदलाला विरोध असा होता, आणि ती मला विचारायला आली की किती जणांकडून प्रश्नावली भरून घेऊ, २०० पुरतील का? आकड्याचं उत्तर सोपं होतं. पण प्रश्नावलीतलं पहिलंच विधान होतं: 'मला नवीन गोष्टी स्वीकारायला वेळ लागतो.' पाच पर्याय, पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत. मी विचारलं, एखाद्याने 'सहमत' म्हटलं तर तुला काय कळलं? नव्या सॉफ्टवेअरमुळे काउंटरवर रांग वाढते म्हणून तो चिडलाय, की बदलीची भीती आहे, की सॉफ्टवेअर खरंच वाईट आहे, की त्याला ते आवडलंय पण ज्या पद्धतीने लादलं ते आवडलेलं नाही? सँडी पिडेरिट यांचा २००० सालचा लेख तिला वाचायला दिला. त्यांचं म्हणणं, विचार, भावना आणि कृतीचा इरादा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच माणसात त्या तीन दिशांना असू शकतात. डोकं म्हणतं बदल योग्य आहे, पोटात गोळा येतो, आणि वागताना माणूस गप्प बसतो. तिन्हींची बेरीज करून एक स्कोअर काढला की नेमकी तीच गंमत पुसली जाते. बहुतेक लोक 'विरोधात' नसतात, मधे कुठेतरी लटकलेले असतात.

ती जरा नाराज झाली. साहजिक आहे, सिनॉप्सिस दोन दिवसांवर होता, आणि ऐनवेळी हे बोलून मी तिच्या दृष्टीने तेच केलं जे व्यवस्थापन करतं: तिला न विचारता तिच्या कामात बदल. शेवटी तिने शीर्षक ठेवलं तसंच, पण अभ्यासाचा पहिला टप्पा बदलला. प्रश्नावलीच्या आधी ती दोन शाखांत बसून फक्त बघणार आहे, लोक नव्या सॉफ्टवेअरच्या बाजूने कुठली जुनी वही चालू ठेवतात ते. बहुतेक ठिकाणी एक असतेच. त्या वहीत काय लिहितात, कोणासाठी लिहितात, ती बंद केली तर काय अडेल. हा टप्पा समितीला पटवताना तिला सर्वांत जास्त विचारलं गेलं ते 'याचं गृहीतक काय?' तिने कॉक आणि फ्रेंच यांचाच पेपर पुढे केला. त्यांनीही आधी कारखान्याच्या जुन्या नोंदी चाळल्या होत्या, गृहीतक नंतर आलं.

मामा मार्चमध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या आधी मी त्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही सरांना सिलिंडरचं का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "अगं, कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला फक्त सांगितलं, उद्यापासून रजिस्टर बंद." मग थोडं थांबून, "आणि खरं सांगू का, ते समासातलं काम आहे हे मलाही तेव्हा सुचलं नाही. हात आपोआप लिहायचा."

हे दुसरं वाक्य मला कुठल्याही पेपरमध्ये सापडलेलं नाही. स्वतःच्या विरोधाचं कारण त्यांनाही शब्दांत माहीत नव्हतं, मग प्रश्नावलीत त्यांनी काय भरलं असतं? 'मला नवीन गोष्टी स्वीकारायला वेळ लागतो' यावर बहुधा 'सहमत'.

ऑनलाइन फॉर्ममध्ये आता 'शेरा' नावाचा एक रकाना वाढवलाय. तो भरणं ऐच्छिक आहे. सिलिंडरचा दाब मी सध्या यंत्राशेजारच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते. परवा एका ज्युनियरने विचारलं, हे ऑनलाइन का नाही टाकत तुम्ही?